डोळसीला नथ नव्हती

आमची दामिनी भुतं काढते. अंगातली नाही हो, अंगावर! हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागे एक बाई शहाद्याहून सुनेला घेऊन, पिशवीत लिंबं-मिरच्या भरून माझ्या दारात येऊन बसली होती आणि काही केल्या उठायला तयार नव्हती. शेवटी मी चहा पाजला तेव्हा गेली.

मी चारुलता, दामिनीची काकू. नंदुरबारात माझं घर आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी पंधरा वर्षं साड्यांना फॉल-पिको केलं. आता तिथं दामिनीचं टॅटूचं दुकान आहे. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी मागे रेलणारी खुर्ची, हवा तसा वाकणारा दिवा, शाईच्या इवल्या बाटल्या, आणि भिंतीभर तिची चित्रं. विहिरीच्या काठाला नखं रुतवून वर येणारी बाई. उलट्या पावलांची हडळ. पोट फाटलंय तरी कामाला निघाल्यासारखा चालणारा झोंबी. रक्त पिऊन रुमालानं ओठ पुसणारा कोटवाला साहेब. आमचा दूधवाला दोन वर्षं झाली पिशवी फाटकालाच अडकवून पळतो. घाबरट मेला.

पोरीला हे वेड कॉलेजात लागलं. होस्टेलच्या खोलीत चौघी मिळून एका भयकथेच्या पुस्तकाचा फडशा पाडायच्या. बाकीच्या तिघी पांघरुणात शिरायच्या आणि ही वहीत त्या भुताचं चित्र काढत बसायची. बी.एस्सी. झाल्यावर वडील म्हणाले, बँकेच्या परीक्षा दे. ही म्हणाली, सुरतेला क्लास लावते. क्लास लावला, पण टॅटूचा! दोन वर्षं एका कारागिराच्या हाताखाली आधी केळीच्या सालीवर, मग रबराच्या कातडीवर आणि मग स्वतःच्या मांडीवर सुई चालवायला शिकली. हे सगळं मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. उलट गावाकडून फोन आला की मीच सांगायचे, "पोरीनं मेंदीचा क्लास काढलाय हो, छान चाललाय."

आता तुम्ही म्हणाल, काकू खोटं कशाला बोललीस? अहो, आमचं तापीकाठचं घर तुम्हाला माहीत नाही. माझे थोरले दीर नवलसिंग, म्हणजे दामिनीचे वडील, केळी-पपईचे मोठे बागायतदार. मी त्यांना दादा म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की ते फोनवर बोलले तर फोनची गरज नाही. त्यांच्या वर एकच माणूस, त्यांची आई तापीबाई, माझी सासू. वय अठ्ठ्याहत्तर. सगळं घर तिला माय म्हणतं. दादा साऱ्या गावाला दटावतात, पण मायनं नुसतं "नवल्या" म्हटलं की पायातल्या चपला काढून उभे राहतात.

तर दामिनी भुतं नुसती काढत नाही, लिहितेही. मोबाइलवर गोष्टींचं एक ॲप आहे, त्यावर तिची एक गोष्ट हप्त्याहप्त्यानं यायची. तिच्यातलं भूत म्हणजे डोळसी. ही डोळसी आपल्या तापीकाठच्या केळीच्या बागेत राहते. तिला मान नाही. गोल गरगरीत डोकं, डोक्यावर काथ्यासारखे उभे केस, तोंड एवढंसं, आणि डोळे मात्र परातीएवढे. ती रक्त पीत नाही, गळा धरत नाही. कुणी खोटं बोललं की त्याच्या दारात येऊन उभी राहते आणि बघते. नुसती बघते. तो खरं बोलेपर्यंत हलत नाही. वाचणाऱ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. दामिनीनं तीच डोळसी स्वतःच्या डाव्या हाताच्या कोपराखाली काढून घेतली होती. खरं सांगते, मी फोनवर "मेंदीचा क्लास" म्हटलं की ती बया पोरीच्या हातावरून माझ्याकडेच टक लावून बघायची.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. धडगावच्या घाटात जीप चालवणारा धर्मेंद्र आला, म्हणाला, "ताई, पोटरीवर डोळसी काढा. घाटात काही आडवं आलंच, तर आपल्याकडे त्याच्यापेक्षा मोठं पाहिजे." एका सरकारी कचेरीतल्या साहेबांनी शर्टाच्या आत, बरोबर हृदयावर वेताळ काढून घेतला आणि मला म्हणाले, "मीटिंगमध्ये बरं वाटतं हो." मिरचीचा हंगाम आला की मात्र पंचाईत. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पडतात, वारा फिरला की सगळं नंदुरबार शिंकतं. एकदा त्या कोटवाल्या साहेबाचा सुळा काढता काढता गिऱ्हाईकच शिंकलं आणि साहेबाला तिसरा सुळा आला. पोरगा आरशात बघून खूश! म्हणाला, "असा कुणाकडेच नसेल." तेव्हापासून वारा तिकडून आला की दामिनी मशिन बंद करते आणि आम्ही दोघी खिडक्या लावून भजी तळतो.

असं सुखात चाललेलं असताना, श्रावण तोंडावर आला आणि दादांचा फोन आला.

"चारू, पोर काय करी ऱ्हायनी तठे?"

"मेंदीना क्लास शे ना, दादा."

"मेंदी मशिनवर काढतस का?"

गावातला कुणीतरी नंदुरबारच्या बाजारात आला होता, त्यानं पाटी पाहिली होती. पोरांच्या दंडावर सुया टोचते, एवढं त्यांना कळलं होतं. काय टोचते ते कळलं नव्हतं, ही देवाचीच कृपा. दादा म्हणाले, "कानबाईला या दोघी. मायसमोर काय ते होईल. माय नको म्हणाली, तर सोमवारी कानबाई बोळवली की मंगळवारी दुकानाला कुलूप." आणि फोन ठेवला.

दामिनी त्या दिवशी जेवली नाही. खुर्चीत बसून राहिली, दिवा चालू, बंद, चालू, बंद. मी म्हटलं, "अगं, माय समजूतदार आहे." ती म्हणाली, "काकू, मला दुसरं काही येत नाही. येत असेलही, पण दुसरं काही करावंसं वाटत नाही." मला भडभडून आलं. माझ्या फॉल-पिकोबद्दल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाचा जीव. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरात येते. आमच्या घराण्यात तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं मूठभर गहू घेतात, कुणी सुरतेला असो की पुण्याला. आणि देवी म्हणजे नारळ. सकाळी घरातल्या बायका त्या नारळाला काजळाचे मोठाले डोळे काढतात, नाक-तोंड काढतात, नथ घालतात, मंगळसूत्र घालतात, साडी नेसवतात आणि केळीच्या खांबांच्या मखरात बसवतात. एवढं झालं की त्या चेहऱ्याकडे बघून भल्याभल्यांचे हात जोडले जातात. माझेही जातात.

आम्ही शनिवारी पोचलो. दामिनीला मी पूर्ण बाह्यांचा कुडता घालायला लावला होता, मनगटापर्यंत बटणं. श्रावणातला तो उकाडा, चुलीपाशी पुरणाचं काम, पोर घामानं निथळत होती. मायनं एकदा विचारलं, "हिले ताप शे का?" मी म्हटलं, "फॅशन शे." दादा गप्प होते. ते गप्प असले की गोठ्यातली जनावरंसुद्धा गप्प राहतात. म्हणाले फक्त एवढंच, "कानबाई बसू द्या आधी."

रविवारी कानबाई बसली. गावातल्या बाया दर्शनाला येऊ लागल्या. दुपारी दामिनी ओसरीवर पाटा घेऊन पुरण वाटत होती. पुरण लागलं बटणांना. तिनं काही विचार न करता बाही कोपरापर्यंत सरकवली. मी दुरून पाहिलं आणि माझ्या हातातली पळीच पडली. पण उशीर झाला होता. शेजारची कौसाबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नुकतीच देवीच्या पाया पडून बाहेर आलेली, तिच्या बरोबर समोर उभी होती.

"ओ माय वं!" कौसाबाईनं जी आरोळी ठोकली ती नदीपर्यंत गेली असेल. "पोरना हातवर कानबाई ऊनी! देखा, देखा, त्याच डोया!"

आणि मी पाहिलं, तर काय सांगू! गोल डोकं, वर काथ्यासारखे केस, मान नाही, परातीएवढे डोळे, एवढंसं तोंड. इतकी वर्षं मी त्या डोळसीकडे बघत होते, माझ्या एकदा डोक्यात आलं नाही. भूत कसलं, पोरीनं लहानपणापासून जो चेहरा दर श्रावणात पाहिला तोच तिच्या हातून उतरला होता. तिला स्वतःलाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती आपल्या हाताकडे तोंड उघडं टाकून बघत बसली.

बाया गोळा झाल्या. एकीनं डोळसीला हळद लावली, दुसरीनं कुंकू. तिसरी तांदूळ टाकू लागली. गुदगुल्या होऊन दामिनी हात मागे घेई, तर त्या म्हणत, "अंगात येऊ ऱ्हायनं!" गर्दी बघून दादा आले. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, निरखून पाहिला, आणि त्यांचा तो आवाज भरून आला.

"मन्ही पोर देवी काढस! हाई मशिनवर काढेल शे का? मंग आधी कसं सांगं नही वं?" माझ्याकडे वळून म्हणाले, "चारू, दुकान राहू दे. पाटी मोठी कर. मी पपईच्या गाडीवर पण लावतो."

झालं! कुलूप गेलं, पाटी आली. मी दामिनीच्या कानाशी लागले आणि दात-ओठ खाऊन कुजबुजले, "एक शब्द बोलू नकोस. आयती देवी झालीस. उद्या घरी जाऊ, तुझं काम सुरू. तोंड बंद!" हो, मीच म्हणाले असं. लपवून काय उपयोग?

ती गप्प राहिलीही. अर्धा तास राहिली. मग खालच्या आळीतली एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही. सासूनं तिला दामिनीच्या पुढ्यात बसवलं आणि म्हणाली, "तो हात हिच्या डोक्यावर ठेव. तू म्हणशील तो नवस फेडू." सून बिचारी खाली मान घालून बसली होती. दामिनीनं हात उचलला, आणि तसाच थांबवला.

माझ्याकडे पाहिलं. "नाही जमणार, काकू."

मग उठून सरळ मायपाशी गेली. माय मखराजवळ पाटावर बसली होती. ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं दामिनी बोलली, "माय, हाई कानबाई नही शे. भूत शे. मन्ही गोष्टमातलं भूत. माझ्या दुकानात मी भुतंच काढते."

काय सांगू तुम्हाला! हळद लावणाऱ्या बाईनं हात पदराला पुसला. कौसाबाई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली, "मी देवीना घरमा भुतले कुंकू लावाडं!" दादांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. "मंगळवारी कुलूप," ते ओरडले, "मंगळवारी कशाला, उद्याच!" आणि मग माझ्याकडे, "आणि तू? मेंदी?" मी मान खाली घातली. म्हटलं, "खोटं बोलले, दादा. दोन वर्षं बोलले." आणि खरं सांगते, डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखं हलकं वाटलं.

मायनं बोटानं दामिनीला खुणावलं. "आठे ये." तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, पदराच्या टोकानं हळद-कुंकू पुसलं आणि डोळे बारीक करून बघत बसली.

"काय करस हाई भूत?"

"जो खोटं बोलस ना, त्याना दारशे उभी ऱ्हास. नुसती देखस."

"मारस नही?"

"नही."

"खास नही?"

"नही. तो खरं बोलना का निंघी जास."

मायनं जरा विचार केला. "मंग हिले गावमाच ठेवाले पाहिजे," ती म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मायनं तिकडे लक्ष दिलं नाही. कौसाबाईला हाक मारली, "कौसा, रडू नको. तुन्ही काही चूक नही. नारय तं नारयच ऱ्हास ना? सकाय आपणच डोया काढा, आपणच नथ घाली, मंग ती माय व्हयनी. हिले नथ नही, इतलाच फरक."

कौसाबाईनं नाक पुसलं. त्या सुनेला मायनं आपल्या शेजारी बसवून घेतलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या सासूला सरळ म्हणाली, "हिले डॉक्टरकडे ने. आन पोराले बी ने." सुनेनं पहिल्यांदा मान वर केली.

दादा अजून धुमसत होते. "पण माय, भुतं काढून..."

"नवल्या."

दादा दोन पावलं मागे सरले.

मायनं आपल्या चोळीची बाही वर सरकवली. तिच्या दंडावर, मनगटावर गोंदण आहे, आम्ही सगळ्यांनी ते आयुष्यभर पाहिलेलं. हिरवट, पसरलेलं, विंचू आहे की पान ते आता कळतही नाही. त्याबद्दल तिनं कधी काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, सात वर्षांची असताना जत्रेत चार बायांनी तिला धरलं. एकीनं पाय, दोघींनी हात, एकीनं डोकं. गोंदण नसलेल्या पोरीच्या हातचं पाणी सासरी चालत नाही म्हणे. ती ओरडत राहिली आणि गोंदणारी टोचत राहिली. "इच्चू काढा, तुळस काढी," माय म्हणाली. "मन्हा हात व्हता. काय काढानं ते माले कोणीच इचारं नही."

म्हाताऱ्या बायांनी एकेक करून आपापल्या हातांकडे पाहिलं. कौसाबाईनंसुद्धा, तिला दिसत नव्हतं तरी.

मग माय दादांना म्हणाली, "मंगळवारले गाडी काढ. माले पोरना दुकानवर जानं शे."

सोमवारी वाजतगाजत कानबाई बोळवली. मंगळवारी सकाळी दादांची गाडी माझ्या दारात. दादा आत आले नाहीत. भिंतीवरची विहिरीतली बाई त्यांना दारातूनच दिसली, आणि ते म्हणाले, "मी बाहेरच बसतो, वारा चांगला शे." बाकावर पाठ करून बसले. माय मात्र प्रत्येक चित्रापुढे थांबली. त्या कोटवाल्या साहेबाला बघून म्हणाली, "हाऊ जेवानंतर हात धोवत नही का?"

दामिनीनं तिला खुर्चीत बसवलं. साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं, डॉक्टरांना फोनही लावला. छोटंसंच काढू, हळू काढू, म्हणाली. नवी सुई तिच्यासमोर पाकिटातून फोडली, हातमोजे घातले. मला म्हणाली, "काकू, तिचा हात धर जरा." मी पुढे झाले तर मायनं माझा हात बाजूला केला. "धरू नको. मी कोठे पयी जाऊ ऱ्हायनू?"

दामिनी हसली. दिवा खाली ओढला, मायच्या उजव्या मनगटावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "माय, काय काढू?"

मायचे डोळे भरून आले होते. मला वाटलं घाबरली, दामिनीलाही तसंच वाटलं, तिनं मशिन खाली ठेवलं. माय म्हणाली, "आजून एक डाव इचार."

"काय काढू, माय?"

मायनं डोळे पुसले, खुर्चीत नीट मागे टेकली आणि दाराबाहेरच्या बाकाकडे हनुवटीनं खूण केली.

"डोळसी काढ. आन डोया मोठला काढजो. नवल्याले तठून दिसाले पाहिजे."